दोरी, चेंडू आणि एआय : स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या व्यायामाची गोष्ट

तुमच्या फाईलमध्ये कॅन्सरच्या डॉक्टरांनी 'एआय चालू' असं लिहिलेलं दिसलं, तर दचकू नका. आमच्या भाषेत एआय म्हणजे अरोमाटेज इनहिबिटर. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या नावांनी पाळी गेलेल्या बायकांना रोज एक याप्रमाणे पाच-पाच वर्षं दिली जाते ती गोळी. दुसरा एआय म्हणजे मोबाईलमधला. हल्ली पेशंट मला या दुसऱ्याबद्दलच जास्त विचारतात. "डॉक्टर, त्याला माझं ऑपरेशन, वय, वजन सगळं सांगितलं. त्यानं आठवड्याचा व्यायाम आखून दिलाय. करू का?"

याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. हे यंत्र आजवर लिहिल्या गेलेल्या मजकुरावर शिकतं, आणि स्तनाच्या ऑपरेशननंतर हात कसा वापरावा याबद्दल जगात जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं कित्येक दशकं निव्वळ भीतीपोटी लिहिलेलं होतं. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो. तो माहीत असला की मोबाईलनं दिलेल्या आराखड्यात कुठे थांबून विचार करायचा हे तुमचं तुम्हालाच कळेल.

सुरुवात अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड या सर्जनपासून करावी लागते. १८९४ साली त्यांनी पन्नास ऑपरेशन्सचा अहवाल छापला. स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सगळं एकत्र, एकसंध काढायचं, अशी ती पद्धत. आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या काळात बायका मोठमोठ्या, कातडी फोडून बाहेर आलेल्या गाठी घेऊन यायच्या, आणि काढलेली गाठ तिथेच पुन्हा उगवायची. हॉल्स्टेड यांच्या पद्धतीनं ते प्रमाण बरंच खाली आलं. म्हणून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर हेच ऑपरेशन होत राहिलं.

किंमत मोजली ती हातानं. छातीचा स्नायू गेला की खांदा पुढे ओढला जातो, हात डोक्यावर जात नाही, वेणी घालता येत नाही. काखेतल्या गाठी गेल्या की हात सुजतो. हे का होतं ते समजून घ्या. रक्तवाहिन्यांमधून थोडं पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर झिरपत असतात. ते गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या बारीक नळ्यांचं वेगळं जाळं शरीरात असतं. त्यातल्या द्रवाला आम्ही लिम्फ म्हणतो. हाताकडून येणाऱ्या या नळ्या काखेतल्या वीस-तीस गाठींमधून पुढे जातात. त्या गाठी काढल्या किंवा त्यांच्यावर रेडिएशन दिलं, म्हणजे आपल्याकडे पेशंट ज्याला 'लाईट' म्हणतात ते, तर पाण्याची वाट अडते. काही बायकांचा हात जड होतो, बांगड्या घट्ट होतात, ब्लाऊजची बाही दंडावर रुतायला लागते. हाच लिम्फेडिमा. हॉल्स्टेड यांनी १९२१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, याच सुजेवर एक लेख लिहिला आणि कारण म्हणून जखमेतल्या संसर्गाकडे बोट दाखवलं.

पुढे डॉक्टरांनी एक तर्क बांधला. हात जोरात चालवला की त्यात रक्त जास्त येणार, रक्त जास्त म्हणजे झिरपणारं पाणी जास्त, आणि निचऱ्याची वाट तर अर्धी बंद. तेव्हा हात जपा. वजन उचलू नका. ऐकायला अगदी पटणारा तर्क. अडचण एवढीच की तो खरा आहे का, हे कुणी तपासलंच नव्हतं. तरी तो छापील पत्रकांत गेला, तिथून एका पिढीच्या डॉक्टरांकडून दुसरीकडे आणि शेवटी सासूकडून सुनेकडे. आपल्याकडच्या बाईसाठी या सल्ल्याचा अर्थ काय होतो बघा. त्या हातानं पाण्याची बादली नाही, कुकर नाही, गिरणीतून दळण आणणं नाही, नातवाला कडेवर घेणं नाही. ज्या घरात ही कामं दुसरं कुणी करणारं नसतं, तिथे बाई ती करतेच, फक्त मनात अपराधी भावना घेऊन. जिथे करणारं असतं, तिथे हात पाच वर्षांत वाळत जातो.

या काळात वेगळा सूर लावला तो डॉक्टरनं नव्हे, एका पेशंटनं. न्यूयॉर्कच्या टेरेसे लासर यांचं १९५२ साली हेच मोठं ऑपरेशन झालं. त्यांचे पती जे. के. लासर म्हणजे अमेरिकेत घराघरात पोचलेल्या इन्कम टॅक्सच्या मार्गदर्शक पुस्तकाचे लेखक. पुढे काय करायचं, काय घालायचं, हात कसा हलवायचा, हे टेरेसे यांना कुणी नीट सांगेना. तेव्हा त्यांनी स्वतःच व्यायाम जमवले. दारावरून दोरी टाकून दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढायची. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. रबरी चेंडू मुठीत दाबायचा. मग त्या ऑपरेशन झालेल्या इतर बायकांना भेटायला जाऊ लागल्या, सोबत दोरी, चेंडू आणि तात्पुरता कृत्रिम स्तन असलेली एक पिशवी घेऊन. डॉक्टर नसलेली बाई वॉर्डात येऊन पेशंटला सल्ला देते, हे सगळ्याच सर्जनांना रुचलं नाही. तरीही काम वाढलं, 'रीच टू रिकव्हरी' या नावानं पसरलं, आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं ते आपल्याकडे घेतलं. आज तुमचा फिजिओथेरपिस्ट भिंतीवर बोटं चढवायला सांगतो किंवा दाराच्या वर कप्पी बांधून देतो, तो हाच वारसा. सत्तर वर्षांत त्यात फार सुधारणा करायची गरज पडली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दरम्यान ऑपरेशनच लहान होत गेलं. बर्नार्ड फिशर यांच्या गटानं १९७१ पासून हजारो बायकांवर तुलनात्मक अभ्यास केले आणि १९८५ साली दाखवून दिलं की योग्य पेशंटमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. १९९० च्या दशकात काखेतल्या सगळ्या गाठी न काढता पहिल्या एक-दोन 'पहारेकरी' गाठी काढून तपासायची पद्धत आली. त्यामुळे हाताला सूज येण्याचं प्रमाण खूप घटलं. पण जुना सल्ला, 'हात जपा', तो जागचा हलला नाही.

केमोथेरपी आली तेव्हा त्यात आणखी एकाची भर पडली : 'विश्रांती घ्या'. थकवा आलाय ना, मग झोपा. मात्र झोपून राहिल्यानं स्नायू झडतात, हृदयाची क्षमता उतरते, आणि मग जिना चढतानाही धाप लागते, म्हणजे थकवा वाढतो, म्हणजे आणखी झोपा. हे चक्र मोडलं ते अमेरिकेतल्या ओहायोच्या दोन नर्स-संशोधकांनी, मेरी मॅकव्हिकर आणि मेरील विनिंगहॅम. केमो चालू असलेल्या बायकांना त्यांनी जागेवरच्या सायकलवर बसवलं, आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. १९८९ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ४५ बायका होत्या. सायकल चालवणाऱ्यांची दमसाक सोसण्याची ताकद स्पष्टपणे वाढली. कॅन्सर आणि व्यायाम या विषयाचा पाया दोन नर्सनी घातला, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत जरा मोठ्या अक्षरांत यायला हवी होती.

राहिला प्रश्न हाताचा. तो कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या पाण्यात सुटायला लागला. तिथल्या विद्यापीठातले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांना हा तर्क पटत नव्हता. १९९६ साली त्यांनी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या २४ बायका जमवल्या. निवडला तो असा खेळ, ज्यात हाताला विश्रांती मिळूच शकत नाही : ड्रॅगन बोट. लांबलचक नाव, त्यात वीस वल्हेकरी, पुढे ढोल वाजवणारी, मागे सुकाणू धरणारी. ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांनी एकदम वल्ही मारायची. आधी काही महिने व्यायामशाळेत तयारी करून मग त्या पाण्यात उतरल्या. पुस्तकाप्रमाणे त्यांचे हात सुजायला हवे होते. एकीलाही नवी सूज आली नाही. मॅकेन्झी यांनी १९९८ साली हे छापलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा काही भक्कम पुरावा नव्हता. २४ बायका, त्याही उत्साही, आणि तुलनेला दुसरा गट नाही. पण 'असं केलंत तर हात सुजेलच' हे म्हणणं त्यानं मोडून काढलं. एका हंगामापुरता जमवलेला तो गट विखुरला नाही. आज जगातल्या अनेक देशांत अशा नावा आहेत.

भक्कम पुरावा आणला तो कॅथरिन श्मिट्झ यांनी, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. त्यांनी १४१ अशा बायका घेतल्या ज्यांच्या हाताला आधीच सूज होती, म्हणजे जिथे भीती सर्वात जास्त. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटानं आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, दुसऱ्यानं नेहमीसारखं आयुष्य चालू ठेवलं. एक वर्षानं मोजलं तर हाताची सूज वाढल्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, ११ आणि १२ टक्के. आणि सुजेनं अचानक उचल खाण्याचं प्रमाण? वजन उचलणाऱ्यांत १४ टक्के, न उचलणाऱ्यांत २९ टक्के. निम्मं! हे २००९ साली प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी सूज नसलेल्या पण धोका असलेल्या १५४ बायकांवर तसाच अभ्यास आला. ज्यांच्या काखेतल्या पाच किंवा जास्त गाठी काढल्या होत्या, त्यांच्यात वजन उचलणाऱ्या गटात ७ टक्क्यांना सूज आली, दुसऱ्या गटात २२ टक्क्यांना. स्नायू आकसतो तेव्हा शेजारच्या नळ्यांतलं पाणी पुढे ढकलतो, हे त्याचं एक संभाव्य कारण. कमावलेल्या हाताला रोजच्या कामाचा ताणही कमी पडतो.

पण श्मिट्झ यांनी वजनं कशी उचलायला लावली हेच या साऱ्यात मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. सुरुवात जवळजवळ शून्य वजनानं. पहिले तेरा आठवडे प्रशिक्षकाच्या नजरेखाली. सूज असलेल्या बायकांनी व्यायामाच्या वेळी हातावर दाब देणारी घट्ट बाही घालायची. लक्षण काही नाही ना, मग वजन सगळ्यात लहान टप्प्यानं वाढवायचं. हातात काही बदल जाणवला की थांबायचं, दाखवायचं, मग पुन्हा खालून सुरुवात. वरची मर्यादा मात्र नाही. म्हणजे 'दोन किलोपेक्षा जास्त नको' असा सगळ्यांना एकच आकडा देण्याऐवजी, तुमच्याच हाताला विचारून पुढचं पाऊल ठरवायचं. व्यक्तिगत व्यायाम आराखडा म्हणतात तो हाच, आणि तो कागद-पेन्सिलीवर चालत होता.

त्या सुमारास इतर अभ्यासही आले, ते भराभर सांगतो. २००५ साली अमेरिकन नर्सेसच्या मोठ्या पाहणीत, स्तनाचा कॅन्सर झालेल्या सुमारे तीन हजार बायकांमध्ये, नियमित चालणाऱ्यांचे मृत्यू कमी आढळले. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, हे लक्षात असू द्या : बऱ्या असलेल्या बायकाच जास्त चालतात हीही शक्यता असते. २००७ साली कॅनडात २४२ बायकांवरच्या प्रयोगात, वजनांचा व्यायाम करणाऱ्यांना ठरलेली केमो जास्त पूर्ण घेता आली. २०१५ साली आमच्या 'एआय' गोळीवरचा अभ्यास आला. या गोळीनं सांधे इतके दुखतात की अनेक जणी ती मध्येच सोडतात. वर्षभर व्यायाम करणाऱ्या गटात ते दुखणं सुमारे २९ टक्क्यांनी उतरलं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ८५० बायकांवर योगाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली मांडले गेले. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आकडे स्पष्ट आले : आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास मध्यम दमवणारा व्यायाम आणि दोन वेळा ताकदीचा.

आता यंत्राकडे येऊ. व्यायाम 'मोजून' द्यायचा म्हटलं की आकडे लागतात, आणि या आकड्यांचा जन्म कुठे झाला ते पाहण्यासारखं आहे. तुमचं घड्याळ नाडीचे जे टप्पे दाखवतं त्यामागे बहुतेक वेळा दोन सूत्रं असतात. एक फिनलंडच्या कार्व्होनेन यांचं, १९५७ चं, मूठभर तरुण मुलांना पट्ट्यावर पळवून काढलेलं. दुसरं '२२० वजा वय', १९७१ चं, उपलब्ध आकड्यांमधून एक ढोबळ रेघ ओढून काढलेलं. दहा हजार पावलं ही तर १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आली. यातला एकही आकडा केमो घेतलेल्या पन्नाशीतल्या बाईला समोर ठेवून काढलेला नाही. डॉक्सोरुबिसिननं किंवा रक्त कमी झाल्यानं नाडी बसल्याबसल्याच वेगानं चालते. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर ती मुळी चढतच नाही. अशा वेळी घड्याळ 'जास्त झालं' किंवा 'अजून वाढवा' म्हणतं ते दोन्ही खोटं असू शकतं. त्यापेक्षा स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी रुळवलेली साधी पद्धत बरी : तुम्हाला किती दमल्यासारखं वाटतंय, त्याला आकडा द्या. आणखी साधं हवं असेल तर चालताना शेजारणीशी गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तो तुमचा मध्यम व्यायाम.

वैद्यकातली 'हुशार यंत्रं' नवी नाहीत. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये मायसिन नावाचा प्रोग्रॅम होता. 'असं असेल तर तसं करा' असे सुमारे सहाशे नियम त्यात घातले होते, आणि संसर्गासाठी तो बरे सल्ले द्यायचा. तरी प्रत्यक्ष वॉर्डात तो कधी वापरला गेला नाही. नंतरची पिढी नियमांऐवजी अनुभवातून शिकणारी. इस्रायलमध्ये मधुमेहाच्या पेशंटना फोनवर व्यायामाचे संदेश पाठवायचे, कुठल्या माणसावर कुठला संदेश लागू पडतो ते प्रोग्रॅमनं शिकत जायचं, असा छोटा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या 'हार्टस्टेप्स' या प्रयोगात फोन वेळ, जागा, हवामान बघून 'जरा चालून या' असं सुचवायचा. सुरुवातीला लोक खरंच जास्त चालले. काही आठवड्यांत परिणाम विरत गेला. कुणीतरी सारखं एकच सांगत राहिलं की आपण ऐकणं सोडतो, मग ते यंत्र असो की घरची माणसं.

आणि आता गप्पा मारणारा एआय. २०२४ साली अमेरिकेत अशाच एका प्रोग्रॅमला २६ वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांसाठी व्यायाम विचारून उत्तरं तपासली गेली. जे सांगितलं त्यातलं सुमारे ९० टक्के बरोबर होतं. पण जे सांगायला हवं त्यातलं निम्म्याहून कमी सांगितलेलं होतं. म्हणजे खोटं कमी, गाळलेलं जास्त. आपल्या बाबतीत धोका नेमका गाळलेल्यात असतो. आजार हाडांत गेलेल्या बाईला कंबरेतून वाकायचे व्यायाम सुचवले, आणि हाडांबद्दल विचारलंच नाही, तर वाक्य बरोबर असूनही मणका मोडू शकतो. उलट बाजूनं जुनी भीतीही त्याच्या वाचनात आहेच. 'त्या हातानं वजन उचलू नका' असं त्यानं सरसकट सांगितलं, तर ते २००९ च्या आधीचं ज्ञान समजा.

एआयनं आखलेल्या व्यायामामुळे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंट जास्त जगतात, असं दाखवणारा मोठा अभ्यास आजघडीला नाही. तरीही मी त्याला मोडीत काढत नाही. केमोच्या तीन आठवड्यांच्या फेरीत पहिले चार-पाच दिवस अंग मोडून येतं, दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात, तिसऱ्यात बरं वाटतं. दर दिवशी आराखडा हलवत राहणं हे काम फिजिओथेरपिस्ट एका भेटीत करू शकत नाही, यंत्र करू शकतं. आणि ज्या गावाला फिजिओथेरपिस्ट पन्नास किलोमीटरवर आहे, तिथे तर हा आधार मोठा. फक्त त्याला तुमची पूर्ण गोष्ट कळायला हवी. घड्याळ दुसऱ्या मनगटावर असलं तर ऑपरेशनच्या बाजूच्या हातानं कणीक मळली, कपडे पिळले, हे त्याला दिसतच नाही. ते तुम्हीच सांगायचं.

म्हणून विचारताना हे लिहाच : कुठली बाजू, ऑपरेशन कोणतं आणि होऊन किती आठवडे झाले, काखेतल्या किती गाठी काढल्या, लाईट घेतले का, पोट किंवा पाठीचा स्नायू वापरून स्तन पुन्हा बनवला आहे का, पोर्ट बसवलंय का, आजार हाडांत आहे का, हिमोग्लोबिन किती, हृदयाचा इको कसा आहे, गोळ्या कोणत्या. काखेतून कोपराकडे ताणलेल्या दोरीसारखं काही लागत असेल तर तेही. गाठींचा आकडा तुमच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये असतो, तो शोधून ठेवा. मिळालेला आराखडा छापून किंवा फोनवर, पुढच्या भेटीला घेऊन या. वाचायला मला पाच मिनिटं लागतात.

आणि हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर यंत्राला विचारत बसू नका. तो बहुतेक वेळा संसर्ग असतो, त्याला त्याच दिवशी औषध लागतं. व्यायाम तेवढे दिवस बंद.